पैशाचा भाव उतरला तर भाडं उतरेल का? कामगारांच्या घरांचं अर्थकारण, इंदूरच्या उदाहरणाने

फेब्रुवारी 2023 मध्ये इंदूर महानगरपालिकेने हरित रोखे, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून व्याजाने पैसे घेण्याची कागदपत्रं, विकायला काढले, तेव्हा राजेंद्र नगरपासून विजय नगरपर्यंत पुष्कळ घरांत त्याची चर्चा झाली. बेत असा होता की जलूदला 60 मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा करायचा आणि नर्मदेचं पाणी शहराकडे वर खेचणाऱ्या पंपांचं वीजबिल त्यातून कमी करायचं. त्यासाठी लागणारे 244 कोटी रुपये थेट लोकांकडून घ्यायचे होते. व्याज 8.25 टक्के, मुदत तीन ते नऊ वर्षं. मागणी 700 कोटींच्या पुढे गेली. मुदत ठेवीपलीकडे कधी न गेलेल्या मंडळींनीही चौकशी केली.

तेव्हापासून एक प्रश्न अधूनमधून कानावर येतो. पाण्याच्या पंपांसाठी लोक पैसे देतात, मग पीथमपूर, सांवेर रोड, पालदा या कारखान्यांच्या भागांत राबणाऱ्या माणसांच्या घरांसाठी असे रोखे का निघत नाहीत? त्यातच 2024 च्या जुलैमधल्या केंद्रीय अर्थसंकल्पात औद्योगिक कामगारांसाठी खासगी भागीदारीतून भाड्याची वसतिगृहं बांधायची घोषणा झाली. पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात ‘परवडणारी भाड्याची घरं’ असा वेगळा विभागच आला. बातम्यांत इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग, ब्लेंडेड फायनान्स असे शब्द धडाधड येऊ लागले. हे सगळं आहे तरी काय, ते जरा निवांत बघू.

घरं रिकामी आणि माणसं दाटीत

सुरुवात एका कोड्यापासून. केंद्र सरकारच्या तज्ज्ञगटाने 2012 मध्ये हिशेब मांडला, की देशाच्या शहरांत सुमारे 1 कोटी 88 लाख घरांची टंचाई आहे आणि त्यातली 95 टक्क्यांहून जास्त टंचाई अल्प उत्पन्न गटांत आहे. त्याच सुमाराची 2011 ची जनगणना सांगते, की शहरांत 1 कोटी 11 लाख घरं रिकामी आहेत.

दोन्ही आकडे खरे आहेत. टंचाई म्हणजे उघड्यावर झोपणारे लोक, असा आपला समज असतो. पण त्या टंचाईत बेघरांचा वाटा अगदी लहान होता. बहुतांश टंचाई दाटीची होती. एका खोलीत सहा माणसं, लग्न झालेला मुलगा आणि आईवडील एकाच छताखाली, मध्ये साडीचा पडदा. रिकामी घरं होती ती एक तर आवाक्याबाहेरची किंवा कामापासून फार लांबची.

लांब असण्याची किंमत आपण कमी लेखतो. 2020 मध्ये टाळेबंदीत मजुरांचे तांडे आपल्या आग्रा-मुंबई रस्त्यावरून पायी जाताना सगळ्यांनी पाहिले. त्याच वर्षी सरकारने भाड्याच्या परवडणाऱ्या घरांची योजना आणली. जुन्या सरकारी योजनांत बांधलेली सुमारे 83,000 घरं रिकामी पडली होती, ती भाड्याने द्यायची असं ठरलं. पुढच्या काही वर्षांत त्यांपैकी साडेपाच हजारांच्या आसपासच घरं प्रत्यक्ष या योजनेत आली. आडबाजूचं फुकट घरसुद्धा महागच, कारण रोजचे दोन तास आणि बसभाडं कुणी परत देत नाही.

ही घरं नेमकी कुणासाठी?

वर्कफोर्स हाउसिंग, म्हणजे नोकरी-मजुरी करणाऱ्यांना कामाच्या जवळ परवडेल असं घर. पीथमपूरच्या कारखान्यातला मशीन ऑपरेटर, खासगी दवाखान्यातली नर्स, सराफ्याच्या खाऊबाजारात रात्री दोनपर्यंत कढईसमोर उभा असणारा पोरगा, सुपर कॉरिडॉरवरच्या कंपनीचा सुरक्षारक्षक. शहर चालतं ते या लोकांवर.

यातले बहुतेक जण सरकारी व्याख्येत ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल’ गटात बसतात, कारण कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 3 लाखांपर्यंत ही त्याची मर्यादा आहे. तरी घरकुल मिळेलच असं नाही. कुटुंबाच्या नावे देशात कुठेही पक्कं घर असेल तर आवास योजनेचा लाभ मिळत नाही. खंडव्याजवळच्या गावी वडिलोपार्जित दोन पक्क्या खोल्या नावावर आल्या, की इंदुरात तो माणूस सरकारच्या लेखी घरवालाच. शिवाय यातल्या अनेकांना इथे घर विकत घ्यायचंच नसतं. पाच वर्षं काम करायचं, पैसे गाठीला बांधायचे आणि पुढचं पुढे. त्यांना हवी असते चांगली, सुरक्षित, भाड्याची खोली. आपल्याकडचं घरांचं धोरण मात्र वर्षानुवर्षं मालकीभोवती फिरत राहिलं. मला ही त्यातली सगळ्यात मोठी चूक वाटते.

भाडं कशाने ठरतं?

‘सिमेंट महाग झालं म्हणून घरं महाग’ हे अर्धं उत्तर झालं. घराच्या किमतीत तीन गोष्टी असतात: जमीन, बांधकाम आणि पैसा. तिसरी डोळ्यांना दिसत नाही. बांधायला घेतलेल्या पैशाला व्याज द्यावं लागतं, म्हणजेच पैशालाही भाव असतो.

एक उदाहरण मांडू. आकडे समजुतीपुरते. एका लहान घराला 10 लाख लागतात, त्यात 3 लाख जमिनीचे आणि 7 लाख बांधकामाचे. हे 10 लाख 12 टक्के व्याजाने 20 वर्षांत फेडायचे असतील, तर महिन्याला साधारण 11,000 रुपये हप्ता येतो. भाडं निदान तेवढं तरी हवं. महिना 15,000 कमावणाऱ्याला हे शक्यच नाही.

आता तेच घर आणि तेच 10 लाख, पण पैसा 6 टक्क्यांचा आणि मुदत 30 वर्षांची घ्या. हप्ता 6,000 वर येतो. एक वीटही न बदलता भाडं जवळपास अर्ध्यावर आलं. पुढे जमीन पालिकेने किंवा औद्योगिक महामंडळाने नाममात्र भाडेपट्ट्यावर दिली, तर फेडायचे राहिले 7 लाख आणि हप्ता झाला 4,200. त्यात दुरुस्ती, लिफ्ट, सफाई यांचे सात-आठशे मिळवले की 5,000. दोन कामगारांनी मिळून घेतलं तर माणशी 2,500. एकट्या कमावत्याच्या कुटुंबाला पगाराचा तिसरा हिस्सा द्यावा लागेल. थोडं जड, पण झेपेल.

म्हणजे या कोड्याची किल्ली स्वस्त जमिनीत आणि स्वस्त, धीराच्या पैशात आहे. धीराचा पैसा म्हणजे ज्याला परत जायची घाई नाही असा पैसा.

मग आज भाड्याची घरं कोण बांधतं? दोन टोकांचे लोक. एका टोकाला मल्टीमध्ये, म्हणजे बहुमजली इमारतीत, 40 लाखांचा फ्लॅट घेऊन तो 10,000 ने भाड्याने देणारा मध्यमवर्गीय. त्याला वर्षाला जेमतेम 3 टक्के सुटतात. तो भाड्यासाठी नाही, फ्लॅटचा भाव वाढेल या आशेवर बसलेला असतो. दुसऱ्या टोकाला बाणगंगेसारख्या वस्तीत स्वतःच्या जागेवर पत्र्याची खोली काढणारा मालक. समजा खोलीला दीड लाख लागले आणि किराया 2,500 आला, तर वर्षाला 20 टक्के सुटले. म्हणून पत्र्याच्या खोल्या भराभर उभ्या राहतात आणि चांगल्या खोल्या राहत नाहीत. त्या मालकाला नावं ठेवायचं कारण नाही. आज कामगारांना घर देणारा आपल्या शहरातला सगळ्यात मोठा पुरवठादार तोच आहे. पण मधली जागा, म्हणजे धड बांधलेली, नळ-संडास-हवा असलेली भाड्याची खोली, तिच्यात पैसा घालायला कुणी नाही.

इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग म्हणजे दान नव्हे

इथे तो गाजणारा शब्द येतो. इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग म्हणजे पैसे परत यावेत, वर थोडा परतावाही मिळावा, आणि सोबत समाजाचं मोजता येईल असं काही भलं व्हावं, अशा हेतूने केलेली गुंतवणूक. यापुढे मी तिला सामाजिक गुंतवणूक म्हणेन. दानात पैसे परत येत नाहीत. शेअर बाजारात भल्याची अट नसते. ही या दोघांच्या मधली वाट.

नाव 2007 मधलं. रॉकफेलर फाउंडेशनच्या इटलीतल्या बेलाजिओ इथल्या केंद्रात झालेल्या बैठकीत ते पुढे आलं. कल्पना मात्र जुनी आणि तिची सुरुवातच घरांपासून झालेली. 1865 मध्ये लंडनच्या मॅरिलबोन भागातली मोडकळीला आलेली तीन घरं जॉन रस्किन या धनिक लेखकाने विकत घेतली आणि ऑक्टेव्हिया हिल या तरुण बाईंच्या हाती सोपवली. अट एकच होती: गुंतवलेल्या रकमेवर वर्षाला 5 टक्के मिळाले पाहिजेत. बाईंनी घरं दुरुस्त केली, भाडं दर आठवड्याला स्वतः दारात जाऊन गोळा केलं, वर उरलेला पैसा भाडेकरूंना हव्या त्या सुधारणांवर घातला. 5 टक्के मिळत गेले. ते पाहून आणखी लोक पैसे घेऊन आले.

लक्षात घ्या, रस्किनने 12 टक्के मागितले असते तर ही घरं गरिबांची राहिली नसती, आणि शून्य मागितले असते तर पुढचे गुंतवणूकदार आले नसते.

आजोबा, मामा आणि बँक

तरी सगळा पैसा 5 टक्क्यांनी कोण देणार? इथे ब्लेंडेड फायनान्स, म्हणजे वेगवेगळ्या भावाचे पैसे एकत्र मिसळणं, कामाला येतं.

आपल्या घरांत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. नातू घर बांधतो तेव्हा आजोबा 2 लाख देतात आणि विसरून जातात. मामा 4 लाख देतात. व्याज अगदीच नको असं ते म्हणत नाहीत, पण बँकेइतकं मागत नाहीत आणि अडचणीच्या वर्षी तगादाही लावत नाहीत. उरलेले 4 लाख बँकेचे. आजोबा शून्य टक्के, मामा 5, बँक 9, तर 10 लाखांवर वर्षाचं व्याज झालं 56,000. सरासरी 5.6 टक्के.

मोठ्या प्रकल्पात आजोबा म्हणजे सरकारी अनुदान, पालिकेची जमीन किंवा एखाद्या न्यासाची देणगी. मामा म्हणजे सामाजिक गुंतवणूकदार. बँक ती बँकच. आजोबांचं आणखी एक काम असतं. तोटा झालाच तर तो आधी त्यांच्या पैशातून जातो, मग मामांच्या, आणि बँकेला हात सगळ्यात शेवटी लागतो. ही उशी असते म्हणून बँक कर्ज द्यायला तयार होते, कधी दरही थोडा उतरवते. सरकारचा एक रुपया असा उशीला लावला, की त्याच्यामागे चार रुपये बाहेरून येऊ शकतात. सरकारने स्वतः बांधून वाटण्यापेक्षा या वाटेचा फायदा तो हाच.

अरण्य: इंदूरने हे आधी करून पाहिलंय

हे सगळं विलायती वाटत असेल तर आग्रा-मुंबई रस्त्यालगतच्या अरण्य वसाहतीत एक चक्कर मारा. पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी आणि त्यांच्या वास्तुशिल्प फाउंडेशनने 1980 च्या दशकात इंदूर विकास प्राधिकरणासाठी ती आखली. सुमारे 85 हेक्टर जागा, 6,500 च्या आसपास भूखंड आणि 60,000 लोकांची सोय. 1995 मध्ये वसाहतीला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला, आणि दोशींना 2018 मध्ये वास्तुकलेतला प्रित्झ्कर पुरस्कार.

इमारतींचे फोटो सगळीकडे छापून येतात, पण त्यामागचं अर्थकारण मला जास्त हुशारीचं वाटतं. निम्म्याहून बरेच जास्त भूखंड दुर्बल गटासाठी ठेवले होते, सगळ्यात लहान 35 चौरस मीटरचे. त्याच आराखड्यात वरच्या उत्पन्न गटांचे आणि दुकानांचे मोठे भूखंड काढले, ते चढ्या भावाने विकले आणि तो पैसा लहान भूखंडांकडे वळवला. आजोबांची भूमिका शेजाऱ्यांकडून वठवून घेतली म्हणा ना.

दुसरी हुशारी अशी की पूर्ण घर कुणाला दिलंच नाही. जोतं, संडास-न्हाणीचा गाभा, पाणी, वीज आणि वीस घरांमागे एक सेप्टिक टाकी. नमुना म्हणून 80 घरं बांधून दाखवली. बाकीचं ज्याने त्याने आपल्या ऐपतीने वाढवायचं. आधी एक खोली, मग ओटा, मग वरचा मजला, मग खाली दुकान. कुटुंबाचा स्वतःचा पैसा हप्त्याहप्त्याने घरात येत राहिला. त्यावर कुणाला व्याज द्यावं लागलं नाही.

दोष कोणता? भूखंडाचा भाव वाढला तसे अनेक मूळ लाभार्थी विकून निघून गेले, अशी टीका पुढे झाली. ती नाकारता येत नाही. विकणाऱ्याला पैसे मिळाले, त्याचं भलंच झालं असेल. पण गरिबांसाठी राखलेली जागा त्या यादीतून कायमची गेली. मालकी दिली की असं होणारच. म्हणून कामगारांच्या घरांचा काही हिस्सा तरी कधीच विकला न जाणारा, कायम भाड्याचा असावा, असं माझं ठाम मत आहे.

‘टिकाऊ’ म्हणजे छतावर सौरपट्टी एवढंच नाही

अशा प्रकल्पांना ‘टिकाऊ’ हे विशेषण हटकून लागतं. गुंतवणूकदारांना ते आवडतं, हे खरंच. पण भाडेकरूच्या खिशाशीही त्याचा थेट संबंध आहे. 5,000 भाडं आणि उन्हाळ्यात 1,500 वीजबिल असेल, तर घर 6,500 चं झालं.

मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे जातो तेव्हा वरच्या मजल्याची स्लॅब रात्री दहालाही तापलेली असते. गच्चीला पांढरा चुना, पश्चिमेच्या भिंतीला सावली, समोरासमोर खिडक्या, पोकळ किंवा हलक्या विटांच्या भिंती. यातलं काहीच महाग नाही, फक्त नकाशा काढतानाच ठरवावं लागतं. जागतिक बँक समूहातल्या आयएफसीची ‘एज’ नावाची प्रमाणपत्र पद्धत आहे. तिच्यात वीज, पाणी आणि बांधकाम साहित्यात खर्ची पडलेली ऊर्जा, या तिन्हींत निदान 20 टक्के बचत दाखवावी लागते. पैसे देणाऱ्याला आकडा हवा असतो, तो इथे मिळतो.

पाण्याची गोष्ट तर खास इंदूरची. आपल्या नळाचं पाणी खाली नर्मदेतून विजेवर उचलून येतं, म्हणूनच तर ते रोखे काढावे लागले. इथे वाचवलेली बादली म्हणजे वाचवलेली वीजही. हजार घरांच्या वसाहतीत पावसाचं पाणी जमिनीत मुरवलं आणि न्हाणीचं पाणी संडासाला फिरवलं, तर पालिकेच्या तिजोरीला तो फरक कळेल.

आणि वेळ. 1 जानेवारी 2021 ला देशात सहा ठिकाणी ‘लाइट हाउस’ गृहप्रकल्पांची पायाभरणी झाली, त्यात इंदूरचाही होता. 1,024 घरं, लोखंडी सांगाडा, त्यात कारखान्यात तयार झालेल्या सँडविच पॅनेलच्या भिंती. वर्षभरात उभं करायचं असा मनसुबा होता, प्रत्यक्षात जास्त काळ लागला. तरी दिशा बरोबर होती. 12 टक्क्यांच्या 10 लाखांवर महिन्याला 10,000 व्याज चढतं. बांधकाम सहा महिने लवकर आटोपलं, तर घरामागे 60,000 वाचू शकतात.

पण कारखान्यांनीच घरं का बांधू नयेत?

बांधू शकतात. तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरजवळ वल्लम वडगल इथे ऑगस्ट 2024 मध्ये असा एक प्रकल्प खुला झाला. सिपकॉट या सरकारी औद्योगिक महामंडळाने उभारलेल्या 13 इमारती, प्रत्येकीत 240 खोल्या, खोलीत सहाजणी. म्हणजे 18,720 महिला कामगार. राहणाऱ्या मुख्यतः फॉक्सकॉनच्या कारखान्यातल्या. एकच मोठी कंपनी सगळ्या खोल्यांची हमी घेते तेव्हा खोली रिकामी राहण्याची भीती उरत नाही, आणि कर्ज देणाऱ्याला एवढंच हवं असतं. पीथमपूरला अशी हमी देऊ शकतील असे मोठे कारखाने आहेत.

मला पटत नाही ते एवढंच, की घर आणि नोकरी एकाच हातात असावी. नोकरी गेली त्या दिवशी छतही गेलं, तर कामगार पगारवाढ तरी कोणत्या तोंडाने मागणार? इंदूरची हुकुमचंद कापड मिल 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि तिथल्या कामगारांना थकलेले सुमारे 224 कोटी मिळायला 2023 चा डिसेंबर उजाडला. मालवा मिल-परदेशीपुरा भागातल्या कुणालाही विचारा. मालकाच्या भरवशावर सगळी भिस्त ठेवणं म्हणजे काय, ते त्यांनी भोगलंय. कंपनीने खोल्यांची हमी घ्यावी, पण घराचा करार कामगाराचा स्वतःचा, वेगळ्या न्यासाशी किंवा संस्थेशी असावा.

जाता जाता: त्या थकबाकीचा पैसा मध्य प्रदेश गृहनिर्माण मंडळाने मिलच्या जमिनीच्या बदल्यात भरला. शहराच्या मध्यावर एवढी जमीन सरकारी हातात पुन्हा केव्हा येणार? तिच्यातला एक तुकडा तरी भाड्याच्या कामगार-घरांना मिळावा, एवढं म्हणायला अर्थतज्ज्ञ असावं लागत नाही.

भाडं बुडवलं तर?

हा प्रश्न हटकून येतो, आणि विचारणाऱ्यांत स्वतःचा फ्लॅट भाड्याने दिलेले जास्त असतात! वसुलीची चिंता खरी आहे. पण खोली रिकामी राहणं हा त्याहून मोठा धोका आहे. कामाजवळची, झेपेल अशी खोली सोडून जायला कुणी उत्सुक नसतं, आणि पुढचा भाडेकरू दारात उभा असतो. हिलबाईंनी भाड्याच्या बाबतीत दयामाया दाखवली नाही, पण गळकं छपरही राहू दिलं नाही. वसुली आणि दुरुस्ती या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हाती असल्या, की हिशेब जमतो. आपल्याकडच्या सरकारी वसाहतींत बांधकामाला पैसा असतो, पुढच्या तीस वर्षांच्या देखभालीला नसतो. लिफ्ट तिसऱ्या वर्षी बंद पडते आणि मग भाडेकरूही भाडं का द्यावं असं म्हणू लागतो.

गरिबांच्या जिवावर नफा नाही का हा?

पत्र्याच्या खोलीवर 20 टक्के सुटतात तेव्हा हा प्रश्न आपल्याला पडत नाही, हे आधी मान्य करू. 5-6 टक्क्यांना नफेखोरी म्हणणं जरा जास्तच होईल.

खरी गोम दुसरीकडे आहे. गुंतवणूक फंडाची मुदत बहुधा सात-दहा वर्षांची असते आणि घराचं आयुष्य पन्नास वर्षांचं. दहाव्या वर्षी फंडाला आपले पैसे मोकळे करायचे असतात, तेव्हा इमारत कुणाला विकणार? जो जास्त भाव देईल त्याला विकली, तर अकराव्या वर्षी भाडं दुप्पट होईल आणि कामगार पुन्हा पत्र्याखाली. तोवर वार्षिक अहवालात ‘इतक्या हजार कुटुंबांचं जीवन बदललं’ असं छापूनही झालेलं असेल. परिणामाचा नुसता देखावा म्हणतात तो हाच. त्यामुळे बाहेर पडायची वाट पहिल्याच करारात लिहिलेली हवी. इमारत विकायची तर रहिवाशांच्या सहकारी संस्थेला, सार्वजनिक न्यासाला, किंवा भाड्याची मर्यादा पाळायचं बंधन स्वीकारणाऱ्यालाच. जमीन भाडेपट्ट्याची असेल तर हे बंधन घालणं सोपं जातं, कारण जमिनीचा मालक, म्हणजे पालिका, प्रत्येक व्यवहारात मध्ये असते.

मोजायचं काय, तेही तेव्हाच ठरवावं. घरं किती बांधली हा सगळ्यात निरुपयोगी आकडा. भाडं पगाराच्या किती टक्के आहे, पाच वर्षांनी तिथे कोण राहतंय, कामावर जायला किती वेळ लागतो, उन्हाळ्याचं वीजबिल किती येतं, हे विचारलं की खरंखोटं कळतं.

आपण यात पैसे घालू शकतो का?

आज तरी वाटा मोजक्या आहेत. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने 2022 मध्ये सोशल स्टॉक एक्सचेंजचे नियम आणले. सामाजिक संस्थांना पैसा उभा करता यावा म्हणून शेअर बाजाराचाच हा वेगळा विभाग. परवडणारी घरं हा विषय त्याच्या पात्र कामांच्या यादीत आहे. मात्र तिथले ना-नफा संस्थांचे ‘शून्य व्याज, शून्य मुद्दल’ रोखे नीट समजून घ्या. नावातच सांगितल्याप्रमाणे पैसे परत येत नाहीत, ते दानच आहे, फक्त हिशेब चोख मिळतो. किमान रक्कम आता 1,000 रुपयांवर आली आहे. दुसरी वाट पर्यायी गुंतवणूक फंडांची, म्हणजे मोठ्या गुंतवणूकदारांचे पैसे एकत्र करून गुंतवणाऱ्या फंडांची, पण तिथे साधारण किमान रक्कम 1 कोटी, म्हणजे तुमचा-माझा प्रश्न तिथेच मिटला.

उरतात ते पालिकेचे रोखे, आणि सुरुवातीचा प्रश्न. सौर प्रकल्पाच्या रोख्यांना गिऱ्हाईक मिळालं, कारण परतफेडीला पालिकेची स्वतःची मिळकत होती आणि वाचणारं वीजबिलही होतं. पण 8.25 टक्क्यांच्या पैशातून एकटी घरं बांधली, तर आपल्या उदाहरणातलं भाडं पुन्हा कामगाराच्या हाताबाहेर जाईल. त्याला जमिनीची आणि अनुदानाची जोड हवी, रिकाम्या खोल्यांसाठी कारखान्यांची हमी हवी, आणि भाड्याची वसुली पालिकेच्या इतर खर्चात न मिसळता वेगळ्या खात्यात जायला हवी. हे चारही जमवलेला रोखा आला, तर त्याचं माहितीपत्रक आधी शेवटाकडून वाचा. इमारत पुढे कुणाला विकता येईल आणि भाडं कोण, किती वाढवू शकेल, ही कलमं तिथेच कुठेतरी बारीक अक्षरात असतील.